चासी डायनोची सेवा: पुण्यातल्या टर्बो हॅचबॅकला काय मिळतं, काय मागून घ्यावं

रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम, म्हणजे मॅप बदलणं) करणाऱ्या बहुतेक वर्कशॉपमध्ये डायनोची, म्हणजे गाडी रोलरवर पळवून तिची पॉवर मोजणाऱ्या मशीनची, सेवा एकाच साच्यातली असते. गाडी रोलरवर चढते, पट्टे आवळले जातात, रीमॅपआधी तीन रन (मोजणीच्या फेऱ्या), रीमॅपनंतर तीन रन आणि शेवटी हातात एक रंगीत ग्राफ. हे परीक्षण त्या सेवेचं आहे, कुठल्या एका दुकानाचं नाही. नमुन्याला गाडी धरली आहे फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय मॅन्युअल. २०२० ते २०२२ या काळातली, चाकणच्या कारखान्यातली, ९९९ सीसी, तीन सिलिंडर. कंपनीचा दावा ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. टॉर्क १७५० ते ४००० आरपीएमपर्यंत सपाट, पॉवर ५००० च्या पुढे. इनटेक (हवा आत घेणारा पाइप) आणि डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप) बदललेली, स्टेज वन म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप केलेली अशी गाडी घेऊन डायनोवर जाणाऱ्याने पैसे नेमके कशाचे मोजावेत, एवढाच प्रश्न इथे आहे.

निवाडा आधीच सांगतो. ब्रेक लावून लोड देता येणारा रोलर, रनच्या वेळचं हवामान कागदावर छापणारा ऑपरेटर आणि आधीच्या-नंतरच्या सगळ्या रनचा कच्चा डेटा, या तिन्ही गोष्टी मिळत असतील तर सेवेला पूर्ण गुण. मशीन साधं असेल पण बाकीच्या दोन गोष्टी चोख असतील, तरी जायला हरकत नाही. हवामान छापलेलं नसेल तर मात्र ग्राफ कितीही देखणा असो, तो घरी लावायचं चित्र आहे.

पुण्याची हवा आणि करेक्शनचा दहा टक्क्यांचा खेळ

इंजिनाला मिळणारी हवा जागेप्रमाणे आणि दिवसाप्रमाणे बदलते, म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर मोजलेल्या आकड्याला एका गुणकाने गुणतं (हेच करेक्शन) आणि तो आकडा ठरावीक प्रमाण हवामानावर आणतं. एसएई जे१३४९ (अमेरिकी) आणि आयएसओ १५८५ (आंतरराष्ट्रीय) या दोन्ही मानकांत ते हवामान सारखंच आहे: २५ अंश सेल्सिअस आणि कोरड्या हवेचा दाब ९९० हेक्टोपास्कल. पोलोचा ११० पीएसचा दावा ज्या युरोपीय नियमाने ठरतो, त्याचीही पायरी हीच.

एसएईचं सूत्र कागदावर करून बघण्याइतकं सोपं आहे. ९९० ला कोरड्या दाबाने भागायचं. तापमानात २७३ मिळवून २९८ ने भागायचं आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. दोन्हींचा गुणाकार १.१८ ने गुणायचा आणि त्यातून ०.१८ वजा करायचे. आता पुणे घ्या. उंची साधारण ५६० मीटर. उन्हाळ्यात हवेचा दाब ९४० च्या आसपास असला आणि बाष्पाचे १५ वजा केले, तर कोरडा दाब उरतो ९२५. शेडमध्ये ३५ अंश. उत्तर येतं १.१०. मुंबईत पावसाळ्यात दाब १००५, बाष्पाचे ३० वजा, राहिले ९७५, तापमान ३० अंश. उत्तर १.०३.

म्हणजे पुण्याच्या शेडमध्ये मोजलेल्या प्रत्येक आकड्यावर मशीन दहा टक्के चढवतं. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ही भरपाई बऱ्यापैकी न्याय्य आहे, कारण विरळ हवेत ते इंजिन खरोखरच तेवढं कमी ओढतं. तरीही मानक स्वतःच ही दुरुस्ती सात टक्क्यांच्या आत वापरायला सांगतं. त्यापलीकडे सूत्राचा भरवसा संपतो आणि पुण्याचा उन्हाळा त्यापलीकडे बसतो.

टर्बोची, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याची गोष्ट निराळी. पोलोचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला निरपेक्ष दाब मोजतो आणि ठरलेला दाब गाठेपर्यंत वेस्टगेट (टर्बोला वगळून एक्झॉस्ट सोडून देणारी झडप) बंद ठेवतो. बाहेर हवा विरळ असली की टर्बो थोडा जास्त वेगाने फिरतो आणि सिलिंडरमध्ये जवळपास मुंबईइतकीच हवा पोचवतो. तूट टर्बोनेच भरून काढलेली असते. त्यावर पुन्हा १.१० ने गुणणं म्हणजे एकाच बिलाचे पैसे दोनदा वसूल करणं. अपवाद दोन ठिकाणी: बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) पूर्ण चढण्याआधीचे खालचे आरपीएम आणि छोटा टर्बो दमतो ते अगदी वरचे आरपीएम. तिथे वेस्टगेट आधीच मिटलेलं असतं, त्यामुळे उंचीचा फटका खरोखर बसतो. म्हणून टर्बो गाडीचा खरा आकडा कच्च्या आणि करेक्टेड आकड्याच्या मधे असतो, आणि कच्च्याच्या जवळ.

याचा परिणाम किती होतो, तो हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बॉनेटही न उघडलेल्या एखाद्या पोलोची चाकावर कच्ची पॉवर ९५ बीएचपी आली असं धरू. कंपनीचे ११० पीएस म्हणजे १०८.५ बीएचपी, त्यातून गिअरबॉक्स आणि टायरचे साडेबारा टक्के गेले तर ९५ उरतात, म्हणजे गाडी ठणठणीत. आता १.१० चं करेक्शन लावा: १०४.५. मग 'इंजिनवरची पॉवर' दाखवण्यासाठी सरसकट १५ टक्के नुकसान धरून ०.८५ ने भागा: १२३ बीएचपी, म्हणजे जवळजवळ १२५ पीएस. पाना न लावता १५ पीएस वाढले. अशा ग्राफवर रीमॅपनंतर १५० दिसले, तर त्यातले किती ट्यूनरचे आणि किती गुणाकाराचे हे मालकाला कळायला काहीच वाव उरत नाही.

शिवाय सॉफ्टवेअरच्या यादीत 'एसएई'शेजारीच 'एसटीडी' नावाचा पर्याय असतो. ते जुनं मानक साडेपंधरा अंशांच्या थंड हवेचं आहे आणि एसएईपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं. एका क्लिकचा फरक. हवामानाचा सेन्सर कुठे टांगलाय हेही बघा. रेडिएटरमधून येणाऱ्या गरम झोतात तो लटकत असेल आणि खऱ्या हवेपेक्षा दहा अंश जास्त दाखवत असेल, तर आकडा आणखी दोन टक्के फुगतो. तो गाडीच्या हवा घेण्याच्या तोंडाजवळ, इंजिनाची धग लागणार नाही असा हवा.

ऑपरेटरला विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा: 'अनकरेक्टेड रन छापून मिळेल ना?' जो लगेच हो म्हणतो त्याच्याकडे पुढचं बोलणं करायला हरकत नाही.

मशीन तीन तऱ्हेची

बीएचपीतला 'बी' म्हणजे ब्रेक. १८२१ साली फ्रान्समध्ये प्रोनीने शाफ्टवर ब्रेक आवळून त्याची ओढ तराजूने मोजली, तेव्हापासून पॉवर मोजण्याचा अर्थ अडवून मोजणं असाच आहे. गंमत म्हणजे आज सगळ्यात जास्त दिसणाऱ्या साध्या चासी डायनोमध्ये ब्रेक नसतोच.

त्या साध्या प्रकारात एक जड ड्रम असतो. त्याचं जडत्व माहीत असतं, गाडी त्याला किती झपाट्याने पळवते यावरून पॉवर काढली जाते. डायनोजेट कंपनीच्या जुन्या मॉडेलांमुळे हा प्रकार घराघरांत पोचला. त्यांच्या २२४ मॉडेलमध्ये ड्रम २४ इंची, २४८ मध्ये ४८ इंची. याचा मोठा गुण म्हणजे सातत्य. ड्रमचं वजन बदलत नाही, त्यामुळे सकाळची आणि संध्याकाळची रन ताडून बघायला तो उत्तम. उणिवा दोन. ड्रम हलका पडला तर छोट्या गियरमध्ये रन चार-पाच सेकंदांत संपते आणि टर्बोला बूस्ट चढवायला पुरेसा वेळ मिळत नाही. खालच्या आरपीएमचा टॉर्क रस्त्यावरच्यापेक्षा कमी दिसतो. दुसरी उणीव गमतीची पण खरी आहे: मूळ चाकांच्या जागी हलकी अलॉय बसवली की या मशीनवर आकडा वाढतो. इंजिन तेच असतं, फक्त चाकं फिरवायला लागणारी ताकद वाचते आणि ती ड्रमपर्यंत पोचते. दोन रनच्या मधे चाकं बदललीत, तर तुलना तिथेच संपली.

दुसऱ्या प्रकारात रोलरला एडी करंट ब्रेक, म्हणजे चुंबकाच्या जोरावर अडवणारा ब्रेक जोडलेला असतो. मस्टँग, मेनलाइन, डायनो डायनॅमिक्स, माहा ही या वर्गातली माहितीतली नावं, आणि डायनोजेटचीही लोड देणारी मॉडेलं आहेत. ब्रेकच्या हातावर लोड सेल असते, ती ओढ मोजते. टर्बो गाडीला हाच प्रकार शोभतो. रन दहा-बारा सेकंदांची करता येते, गाडी २५०० आरपीएमवर पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून) धरून ठेवता येते आणि ट्यूनरला त्या एका बिंदूवर इग्निशन आणि इंधन बघता येतं. पण या मशीनचा आकडा लोड सेलच्या कॅलिब्रेशनवर उभा असतो. तपासणी सोपी आहे: ठरावीक लांबीच्या हातावर माहीत असलेलं वजन टांगायचं. एक मीटरवर २० किलो टांगले की पडद्यावर १९६ न्यूटन-मीटर दिसायला हवेत. ही तपासणी शेवटची कधी केली, हा प्रश्न चांगल्या ऑपरेटरला आवडतो. ब्रेक तापला की त्याची पकड ढिली होते, त्यामुळे एकामागून एक गाड्या घेणाऱ्या डायनो-डेच्या दिवशी दुपारनंतरचे आकडे जरा सावधपणे घ्यावेत.

तिसरा प्रकार हब डायनोचा. चाकं काढून मशीन थेट हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला जोडतात. न्यूझीलंडचं डायनापॅक त्यातलं प्रसिद्ध. टायर घसरण्याचा प्रश्नच नाही, पट्ट्यांची चिंता नाही. तीनशे-चारशे बीएचपीच्या गाडीला यासारखं दुसरं नाही. पण टायरचं नुकसान मोजलंच जात नसल्याने आकडा रोलरपेक्षा जास्त येतो, तेव्हा मित्राच्या रोलरवरच्या कागदाशी याची तुलना करू नये. जोडणीला वेळ लागतो आणि स्टेज वन पोलोला इतक्या तामझामाची गरज नाही.

रोलरवर चढण्याआधी

इथेच बहुतेक रन बिघडतात, म्हणून ऑपरेटर या वेळी काय करतो ते डोळ्यांत तेल घालून बघा.

टायर आधी. पुढच्या दोन्ही टायरमध्ये सारखी हवा, ३५-३६ पीएसआय, आणि ती दोन्ही वेळच्या रनला तीच. हवा कमी असली की टायर रोलरवर दबतो, तापतो आणि पॉवर खातो. खाचांत अडकलेले खडे काढायचे, ते रोलरवरून गोळीसारखे उडतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि साल सांगतात. सहा वर्षांपेक्षा जुना टायर रोलरवर चढवू नये. ४थ्या गियरच्या रनमध्ये वेग सहज दीडशेच्या पुढे जातो, त्यामुळे वेगाचं अक्षरही बघा: टी म्हणजे १९० किमीपर्यंत, एच म्हणजे २१०. चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळलेले हवेत.

पट्टे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी रोलरवर आडवी सरकायला बघते, म्हणून पुढचे दोन पट्टे तिरपे, एकमेकांविरुद्ध ओढणारे हवेत. मागे दोन, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना अडण्या. पट्टे किती आवळायचे यात कसब आहे. सैल राहिले तर टायर घसरतो. जास्त आवळले तर सस्पेन्शन आणि टायर दोन्ही दबतात आणि चाकावरची पॉवर कमी दिसते. रीमॅपआधी करकचून आणि नंतर जरा सैल बांधले, तर रीमॅप न करताही दोन-तीन बीएचपी 'वाढतात'. मधे गाडी उतरवायचीच नाही, हा सर्वांत साफ उपाय. ईसीयूत नवा मॅप रोलरवरच ओबीडीतून (गाडीच्या तपासणी सॉकेटमधून) भरता येत असेल तर तसंच करायला सांगा.

पंखा. पोलो १.० टीएसआयचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा गार करणारा भाग) पाण्याने थंड होणारा, इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे आणि त्याचं पाणी पुढच्या वेगळ्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं. त्यामुळे पंखा बंपरच्या खालच्या जाळीवर रोखलेला हवा. फक्त मोठ्या रेडिएटरपुढे ठेवलेला घरगुती पंखा चालत नाही: पाण्याचं तापमान ठीक दिसतं, पण इनटेकची हवा रनगणिक चढत जाते. शेडमधून धूर बाहेर ओढणारा पाइप नसेल तर आत थांबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इलेक्ट्रॉनिक्स. पुढची चाकं दीडशेने फिरतायत आणि मागची उभी, हे बघून ईएसपीला (गाडी घसरताना आवरणाऱ्या यंत्रणेला) गाडी घसरतेय असं वाटतं आणि ते थ्रॉटल कापतं. ग्राफमध्ये अचानक कडा तुटल्यासारखी घसरण दिसली तर आधी हेच तपासायचं. डॅशबोर्डवरचं बटण दरवेळी पुरतं असं नाही, कधी फ्यूजही काढावा लागतो. चांगला ऑपरेटर आधी कमी थ्रॉटलवर एक लुटुपुटूची रन घेऊन थ्रॉटल प्लेटचा लॉग (ईसीयूतली नोंद) बघतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी दोन चाकांच्या रोलरवर चढवायला निघालेल्या माणसाला तिथूनच नमस्कार करावा. पुढच्या-मागच्या चाकांमधला क्लच जळतो.

गियर आणि आरपीएमची गाठ

रन साधारणपणे १:१ च्या जवळच्या गियरमध्ये घेतात, कारण त्यात गिअरबॉक्सचं नुकसान कमी आणि रनला वेळ पुरेसा. लोड असलेल्या मशीनवर पोलोला ४था ठीक. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही वेळा गियर तोच हवा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड, आणि टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा तेलाचा जोड) लॉक झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नाही. कन्व्हर्टर उघडा असताना टॉर्क गुणला जातो आणि खालच्या आरपीएमला डोंगर दिसतो.

आरपीएम कुठून घेतलाय, हे फार थोडे लोक विचारतात. जुन्या गाड्यांत प्लगच्या वायरला चिमटा लावायचे. या इंजिनात प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे, वायरच नाही. मग ओबीडीतून आकडा घेतात, जो थोडा मागे रेंगाळतो, किंवा ३००० आरपीएमवर गाडी स्थिर धरून रोलरच्या वेगाशी गुणोत्तर बांधतात. दुसरी पद्धत चांगली. पण ते गुणोत्तर चुकलं तर एक मजेशीर गोष्ट होते: पॉवरचा आकडा बरोबर राहतो, कारण तो रोलरवरून येतो, टॉर्क मात्र चुकतो. आरपीएम ५ टक्के कमी दाखवला तर टॉर्क ५ टक्के जास्त दिसतो.

हे घरी बसून पकडता येतं. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ७०२३ म्हणजे पीएस. बीएचपी हवे असतील तर ७१२१ ने भागा. कागदावरचा कुठलाही एक बिंदू घेऊन हा हिशेब जुळतो का बघा. कंपनीचाच दावा घ्या: १७५ गुणिले ४००० भागिले ७०२३, जवळपास १०० पीएस, ११० पीएस ५००० ला हवे तर तिथे १५४ न्यूटन-मीटर उरलेले हवेत. म्हणजे ४००० नंतर टॉर्क उतरतो आणि तरीही पॉवर वाढते. रीमॅपनंतर कोणी '५००० ला २५० न्यूटन-मीटर' म्हणालं, तर ते १७८ पीएस होतात. एवढ्या छोट्या टर्बोकडून हे ऐकल्यावर लॉग मागायचाच. हा हिशेब जुळला म्हणून आकडे खरे ठरत नाहीत, सॉफ्टवेअर तर त्याच सूत्राने ग्राफ काढतं. पण तोंडी सांगितलेले 'इतके पीएस, इतका टॉर्क' इथे पटकन उघडे पडतात. आरपीएमचं गुणोत्तर तपासायला मात्र एकच खात्रीचा मार्ग आहे: ग्राफवर लिमिटरचा आरपीएम (ज्याच्या पुढे ईसीयू इंजिनाला जाऊ देत नाही) कुठे आलाय, ते ईसीयूच्या लॉगशी ताडून बघणं.

रन चालू असताना बघायच्या चार रेषा

पॉवर आणि टॉर्क या शेवटच्या रेषा. त्यांच्याआधी लॅम्डा (हवा-इंधनाचं खरं प्रमाण भागिले आदर्श प्रमाण, १ च्या खाली म्हणजे इंधन जास्त), बूस्ट, इनटेकचं तापमान आणि नॉक (मिश्रण अवेळी पेटून बसणारा ठोका) हे बघायचं, कारण गाडी आठवड्याने रस्त्यावर टिकणार की नाही हे त्या चौघी सांगतात.

लॅम्डा पूर्ण थ्रॉटलला, ट्यूनच्या आक्रमकपणाप्रमाणे, ०.८० ते ०.९० च्या पट्ट्यात हवा. भर बूस्टमध्ये ०.९५ च्या वर गेला की रन तिथेच सोडायची. इथे सध्या एक गोंधळ सर्रास होतो. बहुतेक पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलचं आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७, ई२० चं साधारण १३.५. वाइडबँड गेज (एक्झॉस्टमधल्या सेन्सरचं मीटर) मात्र आतून लॅम्डाच मोजतो आणि कारखान्यातून पेट्रोलच्या १४.७ ने गुणून दाखवतो. गेजवर १२.५ दिसले तर लॅम्डा ०.८५ आहे, पेट्रोल असो वा ई२०. कोणी ते १२.५ खरे मानून १३.५ ने भागले तर उत्तर ०.९३ येतं आणि तो नसती दुरुस्ती करत बसतो. पडद्यावर लॅम्डाच लावायला सांगा, वाद मिटतो. सेन्सर सायलेन्सरच्या तोंडात खुपसलेला असेल तर कमी आरपीएमला बाहेरची हवा आत शिरून मिश्रण पातळ दिसतं. तेवढ्या भागाकडे दुर्लक्ष करा.

नॉकसाठी सिलिंडरवार इग्निशन (ठिणगीची वेळ) किती मागे ओढलं जातंय ते लॉगमध्ये असतं. एखाद-दोन अंश इकडेतिकडे चालतात. तिन्ही सिलिंडर रनभर चार-पाच अंश मागे जात असतील तर मॅप त्या इंधनाला झेपत नाही. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ट्यून करून रोज साधं पेट्रोल भरणार असाल, तर हे आधीच ट्यूनरला सांगा आणि रोजच्याच इंधनावर रन घ्या. दोन्ही वेळा टाकीत एकाच पंपाचं इंधन हवं.

इनटेकचं तापमान हे तुलनेचं कुलूप. पहिली रन ४५ अंशांवर सुरू झाली असेल तर प्रत्येक रन त्याच्या पाच अंशांच्या आत सुरू व्हायला हवी. मूळ मॅपच्या तीन रन पाठोपाठ उरकायच्या आणि मग जेवणाच्या सुट्टीनंतर थंड गाडीवर नवा मॅप मोजायचा, हा प्रकार होतो. मुद्दाम असेल किंवा नकळत, फायदा ट्यूनरचाच. तीन रनमधला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर मोजमाप स्थिर. सर्वांत मोठा आकडा न घेता मधला घ्यावा.

टॉर्क चढता चढता मधेच खाली बसला आणि आरपीएम उडाला, तर काहीतरी घसरतंय. क्लच की टायर, हे ओळखायची युक्ती अशी: रन एका वरच्या गियरमध्ये घ्या. टायर असेल तर घसरणं कमी होतं, कारण चाकावर येणारा टॉर्क घटतो. क्लच असेल तर तसंच राहतं किंवा वाढतं, कारण इंजिनाचा टॉर्क तेवढाच आणि भार जास्त वेळ. सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर झालेल्या मूळ क्लचवर वाढलेला टॉर्क टाकला की २००० ते ३००० च्या दरम्यान हे दिसण्याची शक्यता बरीच. ते दिसलं तर पैसे रीमॅपवर न घालता आधी क्लचवर. बूस्ट लक्ष्यापर्यंत पोचतच नसेल तर नव्या इनटेकचे होज क्लॅम्प बघा. पहिल्या दोन रनमध्ये पाइप तापून सैल होतो आणि तिसऱ्याला निसटतो. स्क्रू ड्रायव्हर आणि दोन जादा क्लॅम्प सोबत असलेले बरे.

'इंजिनवरची पॉवर' आणि कागद

चाकावरची पॉवर ही मोजलेली गोष्ट. इंजिनवरची पॉवर दोन मार्गांनी काढतात. सरसकट टक्केवारी लावणं हा वाईट मार्ग, कारण गिअरबॉक्सचं सगळंच नुकसान टॉर्कच्या पटीत वाढत नाही. तेल घुसळणं आणि बेअरिंगचा बराच भाग वेगावर अवलंबून असतो. चाकावर २० बीएचपी वाढले तर १५ टक्क्यांच्या हिशेबात इंजिनवर साडेतेवीस दिसतात. चांगला मार्ग माहासारख्या मशीनचा: रन संपली की क्लच दाबून रोलर आपोआप थांबू द्यायचे आणि त्या मंदावण्यावरून नुकसान मोजायचं. यातली गोम अशी की त्या वेळी ड्रायव्हरने क्लच अर्धवट दाबला किंवा पाय ब्रेकला किंचित लागला, तर नुकसान जास्त मोजलं जातं आणि इंजिनची पॉवर फुगते. म्हणून दोन रनच्या नुकसानाच्या रेषा एकमेकींवर ठेवून बघा. गिअरबॉक्स तोच, टायर तेच, तर त्या जवळजवळ एकच दिसायला हव्यात. नाही दिसल्या तर इंजिनवरचा आकडा खोडून चाकावरचाच धरावा.

कागदावर एवढं नसेल तर मागून घ्या: तापमान, दाब, आर्द्रता, करेक्शनचा प्रकार आणि गुणक, गियर, स्मूदिंग आणि प्रत्येक रनची वेळ. डायनोजेटच्या सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंग ० ते ५ असतं. ५ वर ग्राफ लोण्यासारखा दिसतो आणि नॉकमुळे पडलेले खळगे त्यात बुजून जातात. तीच रन ० किंवा १ वर छापून मागा. आधीच्या आणि नंतरच्या ग्राफचा उभा अक्षही बघा. तो शून्यापासून सुरू होत नसेल तर दहा बीएचपीची वाढ डोळ्याला दुप्पट वाटते. मूळ रनची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. पुढच्या वर्षी त्याच रोलरवर आलात तर तिच्याशीच ताडून बघता येईल.

ज्यांना फक्त 'रीमॅपने काही फरक पडला का' एवढंच बघायचंय, त्यांना साधा ड्रमचा डायनो पुरे, अट एवढीच की एका दिवशी, गाडी न उतरवता. ज्यांना ट्यूनरकडून त्यांच्याच गाडीवर मॅप बसवून घ्यायचाय, त्यांनी लोड असलेल्या रोलरवर अर्धा दिवस काढावा आणि वेळ सकाळची घ्यावी: शेड गार असते, करेक्शन लहान राहतं आणि ऑपरेटरचा ब्रेक तापलेला नसतो. मोठा टर्बो, बदललेला क्लच, पॉवर दुप्पट, अशा गाडीला हब डायनो शोधावा. आणि कुठेही गेलात तरी शेवटच्या रननंतर गाडी लगेच बंद करू देऊ नका. पंखा चालू ठेवून दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवायला सांगा. परतीच्या वाटेवर निघण्याआधी ओबीडीतले एबीएस आणि ईएसपीचे कोड पुसून घ्या आणि काढलेला फ्यूज परत बसवलाय का, ते स्वतः हात लावून बघा.